चाळीस चढवले, तीस उतरवले, मग दहा गेले कुठं?

हे प्रकरण माझ्या मामाच्या दुकानातलं आहे. उदगीरला कापड दुकान, जास्त करून साड्या, थोडं रेडिमेड. मामाला विचारूनच लिहितोय, त्यांची एकच अट होती की दुकानाचं नाव टाकायचं नाही. मी लातूरला एका कर सल्लागाराकडं कामाला आहे, दिवसभर दुसऱ्यांचे जीएसटीचे रिटर्न भरतो, आणि घरच्याच दुकानात काय चाललंय ते मला कळलं कधी, तर २०२५ च्या भाऊबीजेला, आईला माहेरी घेऊन गेलो तेव्हा.

गेलो तर मामा गप्प. दरवर्षी "भाचेबुवा आले, चहा टाका" म्हणणारा माणूस खुर्चीवर बसून नुसता पाय हलवत होता. छोट्या पण दिसला नाही. छोट्या म्हणजे दुकानातला पोरगा, पोरगा कसला आता लग्न झालंय त्याचं, पण नाव तेच राहिलं, आठ वर्षं झाली दुकानात. मामीला स्वयंपाकघरात विचारलं तर हळूच म्हणल्या, "त्येला येऊ नको म्हणून सांगितलंय ह्यांनी. अठ्ठ्याण्णव हजाराचा घोळ हाय."

मामाचा हिशोब असा होता. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत सेल लावलेला. त्या सेलमधे जेवढा माल गेला त्याची खरेदी ७ लाख रुपये, सुरतच्या पार्टीची बिलं समोर होती. त्यावर शेकडा दहा सुटायला पाहिजेत, म्हणजे ७ लाख ७० हजार यायला पाहिजेत. आले ६ लाख ७२ हजार. कमी पडले ९८ हजार. गल्ल्यावर बसणारी माणसं दोन, एक मामा आणि एक छोट्या, आणि मामानं स्वतः तर घेतले नाहीत. सुरतवाल्याचे फोन चालू, दुकान दिवाळीत तुडुंब भरलेलं अख्ख्या गावानं बघितलेलं, आणि द्यायला पैसे नाहीत, म्हणल्यावर माणूस कुणाकडं बोट दाखवणार.

सेल लावायची वेळ का आली ते सांगतो, कारण मामा काही हौसेनं सूट देणारा माणूस नाही. सप्टेंबरात आपल्याकडं कसा पाऊस झाला ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही, सोयाबीन उभ्यानं पाण्यात गेलं, आणि तालुक्याच्या कापड दुकानाची दिवाळी सोयाबीनच्या पैशावर असते. त्यात गावात नवीन मोठं दुकान झालंय, त्यांनी दसऱ्याच्या आधीच बोर्ड लावला, सरसकट ३० टक्के सूट. दोन दिवस मामाच्या दुकानात माशी सुद्धा शिरली नाही. तिसऱ्या दिवशी मामानं पण बॅनर छापून आणला. पण ३० टक्के घरातून कशाला द्यायचे, म्हणून आदल्या रात्री बसून सगळ्या साड्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. मामाचे शब्द जसेच्या तसे देतो, "चाळीस चढवायचे, तीस उतरवायचे, दहा आपल्याला ऱ्हातेत. गिऱ्हाईक खूश, आपण बी खूश." रेडिमेडवर कंपनीची एमआरपी छापलेली असते म्हणून तिथं हात लावता आला नाही, सेल फक्त साड्यांवर.

तुम्ही हे वाचता वाचता मनात वजाबाकी केली असेल आणि ती बरोबर वाटली असेल तर तुम्ही मामाच्याच पंगतीत आहात. मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान हलवली होती, खोटं कशाला बोलू.

मी आधी चोरीच धरून चाललो. जेवण झालं आणि सगळी वही मागवली. मामाच्या दुकानात कॉम्प्युटर नाही, पण लिहिण्यात माणूस पक्का आहे, प्रत्येक बिलाची कार्बन कॉपी ठेवलेली, त्यावर चिठ्ठीची किंमत, सूट, आणि शेवटी मिळालेले पैसे. ४१२ बिलं होती. मी आणि मामेबहीण दोघं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर रात्री एकपर्यंत बेरजा मारत बसलो. चिठ्ठीच्या किमतींची बेरीज ९ लाख ८० हजार. ३० टक्के सूट काढून ६ लाख ८६ हजार. प्रत्यक्ष घेतलेले ६ लाख ७२ हजार. मधले १४ हजार कुठं गेले, तर बिलाबिलावर दिसत होते, ९८० ची साडी ९५० ला, १,४७० ची १,४५० ला, कारण आपल्याकडं ३० टक्के सूट देऊन पण बाई "वरचे सोडा की" म्हणल्याशिवाय पिशवी उचलत नाही. ४१२ बिलांवर १४ हजार म्हणजे बिलामागं ३४ रुपये. ती चोरी नाही, ती घासाघीस.

मग गल्ला. यूपीआयवर आलेले २ लाख ९१ हजार ४०० बँकेच्या मेसेजवरून जुळले. रोख मामी रोज रात्री मोजून त्यांच्या डायरीत लिहितात, ती जुळवली तर ६४० रुपये कमी आले आणि ते ६४० दहा मिनिटांत चहा-नाष्ट्याच्या चिठ्ठ्यांत सापडले. म्हणजे जेवढे बिलावर घेतले तेवढे सगळे घरात आले होते. छोट्यानं एक रुपया पण घेतलेला नव्हता.

आता राहिला प्रश्न की मालच जास्त गेला का, म्हणजे बिल न करता साड्या बाहेर गेल्या का. तर मामाच्या चिठ्ठीच्या मागं खरेदीची किंमत अक्षरांत लिहिलेली असते, ० ते ९ ला दहा अक्षरं ठरलेली, आजोबांच्या काळापासून तीच, बऱ्याच जुन्या दुकानात अशी असतात. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी ती पाठ केली होती म्हणून कामाला आली. बिलाच्या कॉपीवर ती अक्षरं पण लिहिलेली होती, त्यांची बेरीज लावली आणि बरोब्बर ७ लाख. बिलाबाहेर एक साडी गेलेली नाही. ७ लाखाचा माल ६ लाख ८६ हजाराला विकायचं खुद्द मामानंच ठरवलं होतं, रात्री जागून, स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या लिहून.

सकाळी हे मामाला सांगितलं तर ते ऐकायलाच तयार नाहीत. "चाळीसातून तीस गेले तर दहाच ऱ्हातेत, तू काय मला वजाबाकी शिकवायलास?" कागदावर दाखवून उपयोग होईना, मग मी गल्ल्यातल्या शंभराच्या नोटा काढल्या. काउंटरवर दहा नोटा ठेवल्या, ही साडीची खरेदी, हजार. तुम्ही चाळीस टक्के चढवले, म्हणजे शंभरामागं चाळीस, दहा नोटांचे किती? मामा म्हणले चारशे. चार नोटा आणखी ठेवल्या. आता चौदा. गिऱ्हाईक आलं, तीस टक्के सूट, शंभरामागं तीस. मामानं सवयीनं तीन नोटांवर हात ठेवला आणि थांबले. कारण समोर दहा नोटा नव्हत्याच, चौदा होत्या. चौदा नोटांच्या प्रत्येकीतून तीस काढायचे, चौदा त्रिक बेचाळीस, चारशेवीस. १,४०० मधून ४२० गेले, राहिले ९८०. हजाराची साडी नऊशे ऐंशीला. मामा बराच वेळ नोटांकडं बघत होते, मग हळूच म्हणले, "म्हंजे दर हजारी वीस रुपये मीच वाटलालो की रे."

सगळा घोळ एवढाच आहे. चाळीस टक्के खरेदीचे होते आणि तीस टक्के चढवलेल्या किमतीचे. दोन वेगवेगळ्या आकड्यांचे टक्के एकमेकांतून वजा करता येत नाहीत. एक लिटर दुधातून एक पाव साखर वजा केल्यासारखं आहे ते. करायचं असेल तर गुणाकार करायचा, १.४० गुणिले ०.७० म्हणजे ०.९८. शंभराचे अठ्ठ्याण्णव. तोंडी करायचं असेल तर मी मामाला एक युक्ती सांगितली ती इथं पण देतो: वजाबाकी करा, मग दोन्ही टक्क्यांचा गुणाकार करून त्याचा शंभरावा हिस्सा त्यातून अजून काढा. चाळीसातून तीस, दहा. चाळीस गुणिले तीस बाराशे, त्याचा शंभरावा हिस्सा बारा. दहातून बारा गेले, उणे दोन. वीस चढवून वीस उतरवले तर? शून्यातून चार गेले, चार टक्के तोटा. चढवणं-उतरवणं असलं की हे दर वेळी लागू पडतं.

गंमत म्हणजे आजोबांची ही चूक झाली नसती. त्यांना टक्के येत नव्हते असं नाही, पण ते माल सवाईनं लावायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी सगळं तोंडपाठ, आणि सवाई म्हणजे सरळ सव्वापट, गुणाकारच. हजाराची सवाई साडेबाराशे. कुणाला पाव हिस्सा सोडायचा झाला तर साडेबाराशेची पाऊणकी, नऊशे साडेसदतीस, लगेच दिसायचं की हे हजाराच्या खाली गेलं. आपण शाळेत टक्के शिकलो आणि पंचवीस चढवून पंचवीस उतरवले तर बरोबरी होते असं समजायला लागलो. प्रगती म्हणायची तर म्हणा.

हे चालू होतं तेव्हा दुकानात एक पावणे चहा घेत बसले होते, जवळच्याच गावचे, आमच्या नात्यातले. नोटांचा खेळ बघून त्यांनी त्यांचं गाऱ्हाणं काढलं. सोयाबीनचा त्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा, हमीभाव क्विंटलला ५,३२८, त्यांनी घातलं ४,१०० नं, ओलं म्हणून. "तेवीस टक्के खाली गेलं म्हणलालेत लोकं, मंग तेवीस टक्के वाढलं की हमीभाव भेटंल का?" मी म्हणलं काका, नाही. फरक १,२२८ चा. ५,३२८ वरून बघितलं तर तो २३ टक्के आहे, पण तुम्ही आता ४,१०० वर उभे आहात, तिथून तेच १,२२८ चढायचे म्हणजे जवळपास ३० टक्के वाढ पाहिजे. तेवीस टक्के वाढून भाव ५,०४३ लाच थांबतो. काका म्हणले, "उतरताना तेवीस अन चढताना तीस, घाट हाय की काय हे." याच्यापेक्षा चांगलं मला पण सांगता आलं नसतं.

मामाला तोपर्यंत जरा रंग चढला होता, त्यांनी सेलमधलं एक भांडण उकरून काढलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, रेडिमेडवर एका नगाला २,५०० पर्यंत सरसकट ५ टक्के झाला, आधी हजाराच्या वरच्याला १२ होता. एक जण २,२४० चा ड्रेस हातात घेऊन भांडत होता की बाराचे पाच झाले, सात टक्के कमी करा, दीडशेच्या वर सोडा. तर तिथं पण तेच. २,२४० मधे मूळ किंमत २,००० आणि कर २४०. नवीन कर शंभर, झाले २,१००. कमी झाले १४०, आणि २,२४० चे ते सव्वासहा टक्के होतात, सात नाही. सात टक्के मूळ किमतीचे आहेत, हातातल्या किमतीचे नाहीत. (मामाची वेगळी अडचण अशी की ते कंपोझिशनमधे आहेत, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठी जीएसटीची जी वेगळी योजना आहे त्यात, खरेदीवर भरलेला कर त्यांना परत मिळत नाही, जुना माल १२ टक्के भरूनच आणलेला, त्यामुळं त्यांनी कमी केला असता तर खिशातून गेला असता. गिऱ्हाईकाला हे कोण समजावणार.)

कंपोझिशनवरून आठवलं, तोटा २८ हजारावर थांबत नाही. ७ लाखाचा माल ६ लाख ७२ हजाराला, हा तोटा २८ हजार. वर विक्रीवर एक टक्का कर मामानं स्वतः भरायचा, तो ६,७२० रुपये. लाईटच्या माळा, बॅनर, जास्तीचा एक पोरगा, हे तर मी धरतच नाही. आणि मामाला जे ९८ हजार गायब वाटत होते त्यातले ८४ हजार कधी अस्तित्वातच नव्हते, ते फक्त वजाबाकीत होते, उरलेले १४ हजार घासाघिशीत गेले.

मग मामानं विचारलं, मला खरंच तीस सोडून दहा ठेवायचे असते तर किती चढवायला पाहिजे होते. उलटं जायचं. हजारावर दहा टक्के म्हणजे ११०० हातात पाहिजेत. ते चिठ्ठीच्या ७० टक्के. ११०० भागिले ०.७०, झाले १,५७१. म्हणजे ५७ टक्के चढवायचे. आणि घासाघिशीचे दोन टक्के अन कराचा एक टक्का पण धरला तर ६२ टक्के. मामीनं तिथूनच आवाज दिला, "बासट टक्के चढवून मग सूट द्यायची, त्यापेक्षा मोंढ्यात उभं ऱ्हावून लुटा की लोकाला." मला मामीचं पटतं. चिठ्ठी फुगवून सूट दाखवणं हे फसव्या जाहिरातीत जातं, २०१९ च्या ग्राहक कायद्यात त्याच्यावर तरतूद आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी उदगीरसारख्या गावात मागच्या महिन्यात तीच साडी बाराशेला बघून गेलेली बाई असतेच की.

म्हणून लग्नसराईसाठी वेगळं ठरवलं. आजोबांची सवाई, २५ टक्के, जशी होती तशी. त्यावर १२ टक्के सूट, उघड, बोर्डावर लिहून, आणि वर घासाघीस नाही. १,००० ची १,२५०, त्यातून १५० गेले, ११००. बरोब्बर दहा राहतात, कर जाऊन हातात ८९. पंचवीसातून बारा गेले तर तेरा राहायला पाहिजेत असं मामाच परत म्हणायला लागले होते, मग स्वतःच बोटांवर मोजून "पंचवीस बारे तीनशे, तीन, तेरातून तीन गेले धा" म्हणले, तेव्हा मला बरं वाटलं. बारा टक्क्याच्या बोर्डाला तीस टक्क्याच्या बोर्डाएवढी गर्दी होत नाही हे खरं आहे. पहिल्या महिन्यात विक्री दिवाळीच्या निम्मी पण नाही. पण सुरतवाल्याचे हप्ते चालू झालेत. "वरचे सोडा की" मात्र बंद झालेलं नाही, ते काय होत नसतं.

आता छोट्याचं. मामा त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी जायला निघाले होते, मी म्हणलं थांबा, जरा त्याच्या पगाराचं पान बघू, कारण रात्री वह्या चाळताना मला एक आकडा खटकला होता. लॉकडाऊनमधे २०२० ला दुकान बंद पडलं तेव्हा मामानं त्याचा पगार २० टक्के कमी केला होता, ९,००० चे ७,२००. वाईट नव्हतं ते, बऱ्याच जणांनी काढूनच टाकलं होतं. जानेवारी २०२१ ला धंदा सुरळीत झाला तसं मामानं शब्द पाळला, "वीस टक्के कमी केले होते, वीस टक्के वाढवले." वहीत तसंच लिहिलेलं. ७,२०० चे वीस टक्के १,४४०. नवीन पगार ८,६४०.

मामानं ते पान दोनदा वाचलं. यावेळी नोटा काढायची गरज पडली नाही. ९,००० ला परत यायला पंचवीस टक्के पाहिजे होते. महिन्याला ३६० कमी, आणि जानेवारी २०२३ ला सरळ दहा हजार करेपर्यंत चोवीस महिने. छोट्याला कळलं नव्हतं का? कळलं होतं. मामीला तो तेव्हाच म्हणला होता, "मामी, ते काय जुळंना." मामी म्हणल्या होत्या, जाऊ दे, हे काय मुद्दाम करणारं माणूस नाही.

चोवीस गुणिले तीनशेसाठ, ८,६४०. मामानं मोजून पाकिटात घातले आणि वहीत "दिवाळी बोनस" लिहायला घेतलं. मामीनं पेन धरला.

"बोनस काहून? मागची बाकी म्हणून लिवा."

मामानं बोनस खोडलं आणि तसंच लिहिलं.